चाव्याची ताकद: त्या ‘पीएसआय’च्या यादीत तथ्य किती?

रानवाट
वन्यप्राण्यांच्या चाव्याची एक यादी सगळीकडे फिरत असते. खाऱ्या पाण्यातली मगर ३,७०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), पाणघोडा १,८००, जग्वार १,५००, तरस १,१००, वाघ १,०५०, सिंह ६५०.

यातल्या तीन गोष्टी मला खटकतात. वाघ आणि सिंह यांच्या कवट्या शेजारी ठेवल्या तर कोणती कोणाची हे सांगायला जाणकार लागतो. मग एकाचा चावा दुसऱ्याच्या दीडपट कसा? दुसरं, यादीतलं तरस आफ्रिकेतलं ठिपक्यांचं की आपलं पट्ट्यांचं, हे कुणी लिहीत नाही. आणि तिसरं, पीएसआय हे दाबाचं एकक आहे, जोराचं नाही.

आपल्याकडे आढळणाऱ्या प्राण्यांपुरती तरी (वाघ, बिबट्या, तरस, लांडगा, कोळसून म्हणजे रानकुत्रा, अस्वल, मगर) खात्रीची यादी करता येईल का? करायची तर कोणत्या एककात आणि कोणत्या दातापाशी? माझं मत असं की यादी होईल, पण एका रकान्यात मावणार नाही.

तरफ
तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.

मगरीचा ३,७०० हा आकडा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून आला आहे. ग्रेगरी एरिकसन आणि सहकाऱ्यांनी मगर-सुसरींच्या तेव्हा मानल्या जाणाऱ्या सर्व २३ जातींचे चावे यंत्रावर मोजले. सर्वांत मोठा चावा खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा निघाला, १६,४१४ न्यूटन (न्यूटन हे जोराचं एकक). ती मगर ४.५९ मीटर लांब आणि ५३१ किलोची होती. आता १६,४१४ ला ४.४५ ने भागा, साधारण ३,६९० येतात. पण हे ‘पौंड’ झाले, ‘पौंड प्रति चौरस इंच’ नाहीत. कुणीतरी पौंडापुढे ‘प्रति चौरस इंच’ जोडलं आणि ते तसंच पुढे चालत आलं.

खराखुरा दाब काढायचा तर जोराला दाताच्या टोकाच्या क्षेत्रफळाने भागावं लागतं, आणि ते टोक काही चौरस मिलिमीटरचंच असतं. टी-रेक्स या डायनासोरवर २०१७ मध्ये झालेल्या गणितात दाताखालचा दाब ७१८ ते २,९७४ मेगापास्कल आला होता. पीएसआयमध्ये सांगायचं तर १ लाखापासून ४ लाख ३१ हजारांपर्यंत. म्हणजे पीएसआय हा शब्द खरा धरला तर यादीतले आकडे लाखांत असायला हवेत.

साधीमाणसं
पण मुलांना समजावायला यादी पुरेशी नाही का? मगर पहिली, सिंह खाली, एवढा क्रम तरी बरोबरच असेल ना.

तरफ
@साधीमाणसं, क्रमही बरोबर नाही. एकक सगळीकडे एकसारखं चुकलं असतं तर क्रम टिकला असता. पण या यादीत काही आकडे यंत्रावर मोजलेले, काही कवटीवरून काढलेले, काही दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात एकाच प्राण्याने एकदाच चावून दिलेले आहेत. सगळे एका माळेत ओवले आहेत. सिंह त्यामुळेच खाली गेला. मुलांसाठी असेल तर उलट जास्त काटेकोर हवं, कारण लहानपणी पाठ झालेला आकडा जन्मभर डोक्यातून जात नाही.

कवटीघर
वाघ-सिंहाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून. २००५ मध्ये स्टीफन रो, कॉलिन मॅकहेन्री आणि जेफ्री थॉमसन यांनी मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या कवट्यांवरून चाव्याचं गणित मांडलं. त्यातले सुळ्यापाशी पडणाऱ्या जोराचे आकडे असे:

सिंह (२९५ किलो धरून) १,७६८ न्यूटन
वाघ (१८७ किलो) १,५२५
जग्वार (८३ किलो) १,०१४
ठिपक्यांचं तरस (६९ किलो) ७७३
लांडगा (३५ किलो) ५९३
पट्ट्यांचं तरस (४१ किलो) ५४५
बिबट्या (४३ किलो) ४६७

वजनं मुद्दाम दिली आहेत. सिंह वर दिसतो कारण त्या नमुन्यात तो वाघापेक्षा शंभर किलोंनी जड आहे. वजनाचा परिणाम काढून टाकला की वाघ वर जातो. हे काढून टाकण्यासाठी त्यांनी जो गुणांक वापरला त्यात १०० म्हणजे ‘त्या वजनाच्या प्राण्याकडून अपेक्षित तेवढा चावा’. वाघाला १२७, सिंहाला ११२, जग्वारला १३७, लांडग्याला १३६, पट्ट्यांच्या तरसाला ११३ आणि बिबट्याला ९४.

बिबट्या आणि तरस यांची जोडी आपल्यासाठी सर्वांत बोलकी आहे. वजन जवळजवळ सारखं, दोघंही आपल्या माळरानांत आणि डोंगरउतारांवर राहणारी, तरी तरसाचा जबडा जास्त जोर लावतो.

भीमथडी
थांबा. माणसाच्या दाढेचा जोर ७०० न्यूटनच्या आसपास असतो असं दंतवैद्यकाच्या पुस्तकांत असतं. बिबट्याचा ४६७? म्हणजे माणूस बिबट्यापेक्षा जोरात चावतो?

तरफ
@भीमथडी, प्रश्न अगदी नेमका आहे. या धाग्याचं मर्म यातच आहे.

जबडा ही तरफ आहे. टेकू कानाजवळच्या सांध्याशी, जोर लावणारे स्नायू त्याच्या जरा पुढे, आणि भार दातावर. दात सांध्यापासून जितका लांब, तितका जोर कमी. म्हणूनच अक्रोड पुढच्या दातांनी फुटत नाही, आपण तो दाढेखाली सरकवतो.

एक मांडणी करून दाखवतो, आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. दोन्ही बाजूंच्या स्नायूंचा मिळून जोर ३,००० न्यूटन, आणि तो सांध्यापासून ५ सेंटिमीटरवर लागतो. सुळा १५ सेंटिमीटरवर असेल तर तिथे ३,००० × ५ ÷ १५ = १,००० न्यूटन. मांस कापणारी कात्रीसारखी दाढ ७ सेंटिमीटरवर असेल तर तिथे जवळजवळ २,१४०. प्राणी तोच, क्षण तोच, आकडा दुपटीहून जास्त.

माणसाचे ७०० दाढेवरचे आहेत आणि यंत्रावर मोजलेले आहेत. बिबट्याचे ४६७ सुळ्यावरचे आहेत आणि कवटीवरून काढलेले. ही तुलना दोन्ही अंगांनी चुकते. शिवाय माणसाचं तोंड आखूड आहे, त्यामुळे तरफेचा फायदा आपल्याला आयताच मिळतो.

सह्यकडा
याला जोडून ठिपक्यांच्या तरसाचं उदाहरण. कवटीवरून सुळ्यापाशी ७७३ न्यूटन. पण बाइंडर आणि व्हॅन व्हॅल्केनबर्ग यांनी पाळीव कळपातल्या तरसांना प्रत्यक्ष यंत्र चावायला दिलं (२००० साली प्रसिद्ध), तेव्हा सर्वांत मोठा चावा ४,५०० न्यूटनचा मिळाला. एकाच जातीचे दोन आकडे, जवळजवळ सहापटीचा फरक, आणि दोन्ही प्रामाणिक कामातून आलेले.

भीमथडी
सहापट? तरफेने दुप्पट, फार तर तिप्पट होईल. उरलेलं कुठून आलं?

कवटीघर
उरलेलं कवटीच्या पद्धतीतून. ती पद्धत कशी असते हे माहीत असलं की उणीव कुठे राहते ते दिसतं, म्हणून पायऱ्या लिहितो.

१. कवटी आणि खालचा जबडा जोडून ठेवायचा. गालाचं कमानी हाड आणि मेंदूची पेटी यांच्यामध्ये जी पोकळी दिसते तिच्यातून कानशिलाचा स्नायू (टेम्पोरॅलिस) जातो. त्या स्नायूच्या दिशेला काटकोनात कॅमेरा लावून फोटो घ्यायचा.

२. कवटी उलटी करून खालून दुसरा फोटो. त्यात गालाचा स्नायू (मॅसेटर) आणि आतला टेरिगॉइड यांचं क्षेत्र मोजायचं.

३. क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढून ३० ने गुणायचं. स्नायू दर चौरस सेंटिमीटरला ३० न्यूटन जोर देतो असं धरलेलं आहे.

४. प्रत्येक क्षेत्राचा मध्यबिंदू सांध्यापासून किती लांब ते मोजायचं. जोर × अंतर, दोन्ही स्नायूंची बेरीज, मग दोन्ही बाजू म्हणून दुप्पट.

५. आलेल्या आकड्याला सांध्यापासून दातापर्यंतच्या अंतराने भागायचं.

उदाहरण घ्या. टेम्पोरॅलिस ३५ चौ. सेंमी., म्हणजे १,०५० न्यूटन, अंतर ६ सेंमी. मॅसेटर २० चौ. सेंमी., म्हणजे ६०० न्यूटन, अंतर ४ सेंमी. मीटरमध्ये ६३ + २४ = ८७, दुप्पट १७४. सुळा १९ सेंमी.वर असेल तर ९१६ न्यूटन, कात्रीदाढ ९ सेंमी.वर असेल तर १,९३३.

आता उणीव. स्नायूचे तंतू सरळ दोरीसारखे नसतात, पिसासारखे तिरके बसलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त तंतू मावतात आणि खरा जोर वाढतो. शिवाय स्नायू कमानी हाडाच्या बाहेरही फुगलेला असतो. फोटोत यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ही पद्धत बहुतेक वेळा कमी आकडा देते. बेशुद्ध केलेल्या पाळीव कुत्र्यांच्या जबड्याचे स्नायू विजेने उद्दीपित करून २००८ मध्ये पडताळा घेतला गेला, तेव्हाही हेच दिसलं.

नवखा_निरीक्षक
मग अशी कमी आकडा देणारी पद्धत वापरायची कशाला?

कवटीघर
सगळ्यांना सारखंच कमी मोजते म्हणून. एकाच पद्धतीने मोजलेल्या वाघ, बिबट्या आणि तरस यांची आपापसांत तुलना करता येते. तिच्यातला आकडा उचलून यंत्राच्या आकड्याशेजारी ठेवला की फसगत होते. आणि नामशेष प्राण्यांसाठी तर दुसरा मार्गच नाही. सुऱ्यादात्या मार्जाराचा (स्मिलोडॉन) चावा सिंहाच्या सुमारे एक तृतीयांश होता, हे २००७ मध्ये कवटीच्या संगणकी प्रतिकृतीवरूनच कळलं.

फोटोत हमखास होणाऱ्या चुका सांगून ठेवतो. मोजपट्टी कवटीखाली टेबलावर ठेवतात, ती ज्या भागाचं क्षेत्रफळ काढायचं त्याच पातळीत उचलून धरायला हवी. कॅमेरा फार जवळ नेतात, मग जवळचं हाड फुगलेलं दिसतं. दोन-तीन मीटर लांब उभं राहून झूम वापरावा. खालचा जबडा सांध्यात नीट न बसवता मोजलं तर सगळी अंतरं चुकतात.

आणि महत्त्वाचं: वाघ-बिबट्या-तरसाची कवटी सापडली म्हणून घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ती सरकारी मालमत्ता आहे. संग्रहालयं आणि महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतल्या नोंदणी असलेल्या कवट्यांवर परवानगीने काम करता येतं.

नदीकाठ
मगरीकडे वळू. यंत्र मगरीला देताना दोन पोलादी पट्ट्यांमध्ये दाबावर वीजभार निर्माण करणारं संवेदक बसवतात. पट्ट्यांच्या टोकांवर चामडं लावतात, नाहीतर दात तुटतो आणि प्राणी पोलादाच्या स्पर्शानेच जबडा सैल सोडतो. चावा नेमका कुठल्या दातावर पडला याची नोंद घ्यावी लागते, सरकला तर तो चावा बाद.

एरिकसन यांच्या त्या कामाचा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मगरींमध्ये चाव्याचा जोर तोंडाच्या आकारावर फारसा अवलंबून नाही, शरीराच्या वजनावर आहे. तोंड रुंद असो की निमुळतं, सारख्या वजनाच्या मगरींचा जोर जवळपास सारखा. याला ठळक अपवाद घडियाल. त्याचा जबडा म्हणजे मासे पकडायचा लांब चिमटा.

जोर येतो कुठून? मोठ्या मगरीच्या जबड्यामागे, मानेलगत, दोन्ही बाजूंना जे फुगवटे दिसतात तो तिचा टेरिगॉइड स्नायू. तोंड मिटायला हा प्रचंड स्नायू, आणि उघडायला त्या मानाने अगदी किरकोळ. मगर पकडणारे तिचा जबडा दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधू शकतात ते यामुळेच.

कृष्णाकाठी
सांगलीच्या बाजूला कृष्णेत आणि चिपळुणात वाशिष्ठीत मगरी आहेत, त्यामुळे ‘जबडा सहज बांधता येतो’ हे वाचून कुणी पुढे जाऊ नये. तोंड उघडायची ताकद कमी असली तरी डोकं आडवं फेकायची आणि शेपटीचा तडाखा द्यायची ताकद तशीच असते. प्रशिक्षित पथक आधी ओलं पोतं टाकून डोळे झाकतं, मग मागून मानेवर भार देतं, आणि बांधताना दोरी नाकपुड्यांच्या मागे घेतं. नाकपुड्या तोंडाच्या अगदी टोकाला, वरच्या बाजूला असतात. त्या दाबल्या गेल्या तर प्राणी गुदमरतो. मगर वस्तीत आली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं आणि लोकांना लांब ठेवायचं, आपलं काम तेवढंच.

गोमंतकी
थोडं अवांतर. मगर, सुसर, घडियाल हे शब्द मराठीत फार सैल वापरले जातात. कृष्णेत, वाशिष्ठीत, सावित्रीत आहे ती गोड्या पाण्यातली मगर, काही गावांत तिलाच सुसर म्हणतात. घडियाल चंबळ, गंडकी या उत्तरेच्या नद्यांमधला. खाऱ्या पाण्यातली मगर भितरकणिका, सुंदरबन आणि अंदमानात. तेव्हा १६,४१४ चा आकडा आपल्या नद्यांतल्या मगरीला चिकटवू नका, ती जात वेगळी आणि आकाराने लहान.

गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मचूळ पाण्यात राहते तीही गोड्या पाण्याचीच जात. तिकडच्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, ‘मानगे थापणी’ म्हणतात. मानगे म्हणजे मगर. खाजणाच्या बांधांवर शेती करणाऱ्यांचा तिच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे.

रानवाट
@गोमंतकी, हे अवांतर राहू द्या, आवडलं. @नदीकाठ, वजनाचा मुद्दा सस्तन प्राण्यांनाही लागू होतो का?

नदीकाठ
काही अंशी. प्राण्याची लांबी दुप्पट झाली की स्नायूचा छेद चौपट होतो आणि वजन आठपट. जोर छेदावर ठरतो, त्यामुळे मोठा प्राणी एकूणात जास्त जोरात चावतो, पण स्वतःच्या वजनाच्या मानाने कमी. म्हणून वजनाला सरळ भागाकार करून तुलना केली तर उंदीर-मुंग्याच जिंकणार. कवटीघर यांनी सांगितलेला गुणांक यावरचा उपाय आहे.

माळढोक
त्या गुणांकाबद्दल माझी तक्रार आहे. जिवंत प्राण्यांत तो टास्मानियन डेव्हिल या ऑस्ट्रेलियातल्या छोट्या मांसाहारी प्राण्याला सर्वांत वर बसवतो, १८१. आणि तपकिरी अस्वलाला ७८, हिमालयातल्या काळ्या अस्वलाला ४४. हे वाचून लोक ‘अस्वलाचा चावा कमजोर’ म्हणतात. त्याच तक्त्यात तपकिरी अस्वलाचा प्रत्यक्ष जोर ७५१ न्यूटन आहे आणि डेव्हिलचा ४१८. ज्याच्या हाताला चावा बसतो त्याच्यासाठी न्यूटन खरे, गुणांक नाही.

कवटीघर
@माळढोक, तक्रार रास्त आहे. गुणांक उत्क्रांतीचा प्रश्न सोडवतो: या प्राण्याच्या आयुष्यात चाव्याला किती महत्त्व आहे? जखम किती होईल हे त्यातून कळत नाही. ‘सर्वांत ताकदवान चावा डेव्हिलचा’ असे मथळे म्हणूनच चुकीचे.

पण अस्वलं म्हणजे शाकाहाराकडे झुकलेली, म्हणून त्यांचा चावा हलका, असंही समीकरण मांडू नका. पांडा बांबू खातो आणि त्याचा चावा सुळ्यापाशीही जवळजवळ १,३०० न्यूटनचा निघतो. कठीण अन्न चिरडायलाही स्नायू लागतात.

झाडीपट्टी
आपलं विदर्भातलं अस्वल याला आणखी वेगळं वळण देतं. त्याला वरच्या जबड्यात मधले दोन पटाशीचे दात नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. तोंडाची रचना अशी चोखण्यासाठी झालेली, तरी अस्वलाच्या हल्ल्यात डोकं आणि चेहरा यांना होणाऱ्या जखमा फार वाईट असतात, कारण नखं आणि सुळे एकत्र काम करतात. मोहफुलं वेचायला पहाटे जाणाऱ्यांना चाव्याच्या यादीतला क्रमांक उपयोगाचा नाही. आवाज करत, दोघा-तिघांनी मिळून जाणं उपयोगाचं.

सह्यकडा
बिबट्या ९४ वर असूनही इतका यशस्वी शिकारी कसा, हे कुणीतरी विचारेलच म्हणून लिहितो.

मांजरकुळाला हाड फोडायचं नसतं. मोठ्या भक्ष्याचा गळा धरून श्वासनलिका दाबून ठेवायची असते, आणि तेही काही मिनिटं. तिथे क्षणभराच्या जोरापेक्षा पकड टिकणं महत्त्वाचं, आणि भक्ष्याला खाली दाबायला पुढचे पाय असतात. भक्ष्य लहान असेल तर मानेमागे चावा, सुळा मणक्यांच्या फटीत.

सुळ्याचा आकारही याला जुळतो. मांजरांचा सुळा छेदात जवळपास गोल असतो. धडपडणारं जनावर कुठल्याही दिशेने झटकलं तरी तो मोडत नाही. कुत्र्यांच्या कुळात तो चपटा, सुरीसारखा असतो, कारण लांडगा आणि कोळसून धरून ठेवत नाहीत, पळत्या जनावराचे लचके तोडतात.

ताडोबाप्रेमी
कोळसुनावर दोन ओळी माझ्याही. त्याला खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला दोनच दाढा, बाकीच्या बहुतेक कुत्र्यांना तीन. म्हणून दात ४०, कुत्र्या-लांडग्याचे ४२. चघळायचा भाग कमी करून कापायचा भाग धारदार केलेला आहे. पंधरा-सतरा किलोचं जनावर, एकट्याच्या चाव्यात वाघाच्या आसपासही नाही, पण कळपाने सांबर पाडतात.

सह्यकडा
आणि तरसाचं नेमकं उलट. हाड ते कात्रीदाढेवर घेत नाही. घेतलं तर धार बोथट होईल. त्याच्या पुढच्या जाड, शंकूसारख्या उपदाढांवर घेतं. त्या दातांच्या लुकणात (एनॅमलमध्ये) सूक्ष्म पट्टे नागमोडी गुंफलेले असतात, त्यामुळे तडा गेला तरी आरपार जात नाही. डोक्यावर मधोमध हाडाची उंच कड असते, कानशिलाच्या स्नायूला घट्ट धरायला. तरसाच्या गुहेबाहेर हाडांचा ढीग दिसतो तो या सगळ्या जुळणीमुळे.

हाड फार जाड असेल तर तरसालाही अडचण येते. तोंड जास्त उघडलं की स्नायूचे तंतू गरजेपेक्षा ताणले जातात आणि जोर घटतो. म्हणून ते मांडीच्या हाडाच्या मऊ टोकाकडून सुरुवात करतं, मधल्या नळीपासून नाही.

कुतूहल
मग शार्क? ती यादीत नाही, पण प्रत्येक चर्चेत येतेच.

तरफ
ग्रेट व्हाइटचा १८,२१६ न्यूटन हा आकडा २००८ च्या संगणकी प्रतिकृतीतून, ६.४ मीटरच्या माशासाठी वाढवून काढलेला, आणि तोही जबड्याच्या मागच्या भागात. मगरीचा १६,४१४ मोजलेला आहे. म्हणून ‘प्रत्यक्ष मोजलेला सर्वांत मोठा’ हा मान मगरीकडेच.

ऐकीव आकडा किती फसवतो याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतलं मोठं अ‍ॅलिगेटर स्नॅपिंग कासव. १,००० पीएसआय म्हणून प्रसिद्ध. २००२ मध्ये कासवांचे चावे पद्धतशीर मोजले तेव्हा त्याचा सरासरी १५८ न्यूटन निघाला. चोचीची धार इतकी की तेवढ्यातही बोट जाऊ शकतं.

गुरांचा_डॉक्टर
धार आणि जोर यांची गल्लत टाळायची तर मारलेल्या गुरांचा पंचनामा पाहावा. कुणी मारलं हे चाव्यावरून ठरवताना जोर कुणी मोजत नाही. क्रम असा असतो: गळ्यावरचे केस कापायचे, भोकं शोधायची, वरच्या दोन सुळ्यांच्या भोकांमधलं अंतर मोजायचं, मग कातडी सोलून आतून पाहायची. भोकाभोवती रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसला. साकळलेलं नसेल तर जनावर आधीच मेलेलं होतं आणि नंतर कुणी खाल्लं. भटक्या कुत्र्यांचे चावे मागच्या पायांवर, पोटावर, कानांवर विखुरलेले आणि फाटलेले. बिबट्याचे बहुधा गळ्यावर, मोजके आणि खोल. मृतदेह उघडण्याआधी लाळेचा नमुना घेतला तर पुढे डीएनएवरूनही कळतं.

माणसाला चावा बसला तर बाहेरून लहान भोक दिसतं आणि आत मांस चिरडलेलं असतं. साबण आणि वाहतं पाणी, किमान पंधरा मिनिटं. टाके लगेच घालत नाहीत. रेबीजची लस (दंडात घेतली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी) आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. हळद, चुना, मिरची काहीही भरू नये. कोल्हा छोटा आहे, हलकं चावला, असं म्हणून कुणी घरी बसू नये. रेबीजला न्यूटन लागत नाहीत.

साधीमाणसं
माझं मत बदललं. मुलांसाठीच नवी यादी लिहायला हवी.

रानवाट
धाग्यातून जमलं ते असं मांडतो, चुकलं तर सांगा. सर्व आकडे न्यूटनमध्ये.

वाघ १,५२५, गुणांक १२७
लांडगा ५९३, गुणांक १३६
पट्ट्यांचं तरस ५४५, गुणांक ११३
बिबट्या ४६७, गुणांक ९४
खाऱ्या पाण्यातली मगर (तुलनेसाठी) १६,४१४

अस्वल आणि कोळसून यांचं वर्णन शब्दांत देईन, आकडा नाही.

कवटीघर
दोन दुरुस्त्या. लांडग्याचा आकडा ३५ किलोच्या जनावराचा आहे. सोलापूर-नगरच्या माळावरचा आपला लांडगा बराच हलका असतो, त्यामुळे त्याचा जोर कमी येईल आणि तो तरसाच्या खाली जाईल. बिबट्याच्या बाबतीत उलट: मोठा नर ४३ किलोपेक्षा खूप जड असतो. म्हणून प्रत्येक ओळीत वजन लिहाच.

तरफ
आणि तिसरी. वरच्या चार ओळी सुळ्यापाशी, कवटीवरून काढलेल्या. मगरीची ओळ मागच्या दातापाशी, यंत्रावर मोजलेली. एका रकान्यात ठेवल्या तर वाचणारा १६,४१४ ला १,५२५ ने भागून ‘मगर वाघाच्या अकरापट’ म्हणणार, आणि पुढच्या महिन्यात तेच फिरायला लागणार.

रानवाट
खरंय. मगरीची ओळ खाली वेगळी काढली, ‘मागचा दात, मोजलेला’ असं शेजारी लिहिलं, आणि प्रत्येक प्राण्यापुढे वजनाचा रकाना जोडला. लांडग्याच्या ओळीत ‘३५ किलोच्या नमुन्यावरून’ असं टाकलं आहे.